भूक मेंदूच्या कलाने कशी आवरावी

वजन उतरवायला निघालेल्याने आधी ध्यानात घ्यावे की भुकेचा कारभार मुख्यतः मेंदूतील हायपोथॅलॅमस हा छोटा भाग पाहतो. चरबीच्या पेशींतून स्रवणारे लेप्टिन हे संप्रेरक (शास्त्रज्ञ जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने ते १९९४ मध्ये शोधले) शरीरातील साठ्याची वर्दी तिथे पोहोचवते. साठा झपाट्याने घटला की लेप्टिन उतरते आणि मेंदू भूक वाढवून, ऊर्जेचा खर्च आखडून वजन पूर्वपदावर आणू पाहतो. म्हणून कडक उपासापेक्षा आहारात थोडी, पण वर्षभर निभेल इतकीच कपात करावी.

जेवण सावकाश करावे. आतड्यांतून निघणारे तृप्तीचे संकेत मेंदूवर परिणाम करायला थोडा वेळ घेतात, त्यामुळे आणखी एक पोळी वाढून घेण्यापूर्वी जरा थांबावे. ताटात उसळ, डाळ किंवा अंडी असावीत, कारण प्रथिनांनी पोट अधिक काळ भरलेले वाटते. झोप पुरेशी घ्यावी.

पोट भरलेले असतानाही फरसाणाकडे हात जातो, तो भुकेमुळे नव्हे. तिथे डोपामिन या मेंदूतील रसायनावर चालणारी प्रेरणेची यंत्रणा काम करते आणि नुसता डबा दिसणेही तिला पुरते. इच्छाशक्तीची परीक्षा पाहत बसण्यापेक्षा डबा नजरेआड ठेवावा, किंबहुना आणूच नये. मधुमेहाची औषधे चालू असल्यास आहार बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.