बायोफिल्मच्या प्रथिनांची रचना शोधताय? या चुका टाळा

कोल्हापुरात पाऊस लागला की आमच्या लॅबमध्ये बायोफिल्मच्या (जीवाणूंच्या चिकट थराच्या) प्रथिनांवर प्रोजेक्ट करायला नवी मुलं येतात, आणि त्यांच्या मागोमाग त्याच जुन्या चुका. सगळ्यात महाग पडते ती ही: क्रिस्टल (स्फटिक) वाढवायच्या थेंबात काही चकाकलं म्हणजे ते प्रथिनच.

आमची एक विद्यार्थिनी लेकबीवर काम करत होती. स्यूडोमोनास एरुजिनोसाचं हे प्रथिन दोन कॅल्शियम आयनांच्या आधाराने साखर धरतं, म्हणून तिने कॅल्शियम क्लोराइड घातलं. बरोबरच होतं ते. पण बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) फॉस्फेटचा होता. चौथ्या दिवशी सकाळी धावत आली, "मॅडम, आले की क्रिस्टल!" काचेच्या कांड्यांसारखे, टोकदार, देखणे. मीही भुलले. नमुने द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून आम्ही इंदूरला, इंडस-२ या सिंक्रोट्रॉनच्या बीमलाइनवर (क्रिस्टलवर क्ष-किरण सोडून रचना शोधतात तिथे) गेलो. पहिल्याच चित्रात मोजकेच ठळक ठिपके, एकमेकांपासून लांब. प्रथिनाचा एकक कोश (क्रिस्टलमध्ये पुन्हापुन्हा येणारा लहानात लहान ठोकळा) मोठा, त्याचे ठिपके दाटीवाटीने येतात. आमचं निघालं कॅल्शियम फॉस्फेट. परतीच्या वाटेवर पोरगी एक शब्द बोलली नाही.

तेव्हापासून आधी एक क्रिस्टल सुईने दाबायचा. प्रथिनाचा असला तर भुगा होतो, मिठाचा सुईला टणक लागतो. प्रथिनाच्या क्रिस्टलमध्ये जवळपास निम्मं पाणी असतं, त्यामुळे तो मिथिलीन ब्ल्यू पिऊन निळा होतो. मीठ रंग घेत नाही. शेजारी प्रथिन न घालता तोच थेंब लावायचा. एवढं केलेलं दिसल्याशिवाय बीमटाइमच्या (बीमलाइनवर मिळणाऱ्या वेळेच्या) अर्जावर मी सही करत नाही. आणि कॅल्शियम असेल तिथे ट्रिस नाहीतर हेपेस बफर वापरा.

दुसरी चूक घाईची नाही, सुट्टीची. ई. कोलाय जीवाणूचं सीएसजीए हे बायोफिल्मचं प्रथिन शुक्रवारी शुद्ध केलं, फ्रिजमध्ये ठेवलं आणि स्वारी गडहिंग्लजला. सोमवारी नळीत तंतूच तंतू. तंतू बनवणं हेच या प्रथिनाचं काम आहे, ते थांबेल कशाला? ज्या दिवशी शुद्ध कराल त्याच दिवशी, बर्फावर ठेवून वापरा. हाताशी अख्खा दिवस नसेल तर शुद्धीकरणाचा कॉलम लावूच नका.

प्रोटिएज इनहिबिटरच्या (प्रथिन तुटू न देणाऱ्या) गोळीत ईडीटीए (धातूचे आयन ओढून घेणारं रसायन) आहे का, ते डबीवर वाचा. ते निकेल ओढून घेतं; प्रथिन धरून ठेवणारा निळा निकेल कॉलम पांढरा पडला की प्रथिन वाहून गेलेलं असतं.

क्लोनिंगआधी (जनुक वाहकात घालण्याआधी) सिग्नल पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाने कुठे जायचं ते सांगणारा सुरुवातीचा तुकडा, काढा. सीएसजीएत ते पहिल्या २० अमिनो आम्लांचं आहे.

अल्फाफोल्डचं (रचनेचा अंदाज बांधणाऱ्या एआय प्रोग्रामचं) चित्र थीसिसमध्ये डकवून "रचना मिळाली" म्हणू नका. त्यातल्या नारिंगी, म्हणजे कमी खात्रीच्या, भागावर विश्वास ठेवायचा नसतो, आणि अल्फाफोल्ड २ च्या मॉडेलमध्ये कॅल्शियम नसतंच.

बायोफिल्म मोजायला वापरतात त्या क्रिस्टल व्हायोलेटचा रंग फिका आला म्हणून म्यूटंट (जनुक बदललेला जीवाणू) बायोफिल्म करत नाही, असंही लिहू नका. आधी त्याची वाढ मोजा. पुष्कळदा तो जीवाणू नीट वाढलेलाच नसतो.