कोकणातनं परदेशात माल पाठवायचाय? आधी दहा किलो पाठवा

एक्सपोर्ट म्हटलं की आपल्याकडे माणसं थेट कंटेनरचं बोलायला लागतात आणि मग घाबरून गप्प बसतात. माझं कुडाळजवळ आमसुलं नि आगळाचं (कोकमाच्या खारवलेल्या रसाचं) छोटं युनिट आहे, चार बायका आणि मी, त्यामुळे अनुभवाने सांगते, एक देश, एक माल, एक गिऱ्हाईक एवढ्यानेच सुरवात करा.

कागदपत्रांना घाबरू नका. आयईसी कोड, म्हणजे आयात-निर्यातीसाठी लागणारा नंबर, पॅनवर निघतो, डीजीएफटीच्या (केंद्राच्या विदेश व्यापार खात्याच्या) साइटवर, फी ५०० रुपये, त्यासाठी एजंटला हजारो रुपये कशाला द्यायचे? फक्त दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो अपडेट करायचा, काही बदललेलं नसलं तरी, नाहीतर बंद पडतो. खाण्याचा माल असेल तर एफएसएसएआयचं (केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचं) सेंट्रल लायसन्स लागतं. आंब्याच्या पल्पसाठी अपेडाकडे (शेतमालाच्या निर्यातीच्या सरकारी संस्थेकडे) नोंदणी, पण कोकम मात्र स्पायसेस बोर्डाच्या यादीत येतं, हे आपल्याकडच्या बऱ्याच जणांना माहीतच नसतं. जीएसटी असेल तर दरवर्षी एलयूटी (टॅक्स न भरता माल पाठवायचं हमीपत्र) भरून ठेवा, म्हणजे टॅक्स आधी भरून रिफंडची वाट बघायला नको.

खरा घोळ होतो तो पॅकिंगमध्ये. आमच्या पहिल्या लॉटमध्ये आगळाच्या दोनच बाटल्या गळल्या, पण आगळात मीठ भरपूर, पुठ्ठ्याचा लगदा झाला आणि बाकीच्या चांगल्या बाटल्यांची लेबलंही गेली, अख्खा बॉक्स गिऱ्हाइकाने नाकारला, फार वाईट वाटलं तेव्हा. आता बुचाखाली सील मारतो आणि प्रत्येक बाटली रात्रभर पांढऱ्या कागदावर उलटी ठेवतो, सकाळी कागदावर लाल डाग दिसला की ती बाजूला. आमसुलं मूठभर घेऊन घट्ट दाबायची, सोडल्यावर गोळाच राहिला तर अजून ऊन दाखवायला हवं, नाहीतर वाटेत बुरशी येणार.

लेबल छापायच्या आधी गिऱ्हाइकाकडनं पास करून घ्या. गल्फला अरबी मजकूर लागतोच. अमेरिकेसाठी युनिटची एफडीएकडे (तिथल्या अन्न-औषध खात्याकडे) नोंदणी आणि माल पोचायच्या आधी प्रायर नोटीस, म्हणजे माल येतोय अशी त्यांना आगाऊ सूचना. ताज्या हापूसच्या मागे मात्र पहिल्याच वर्षी लागू नका, युरोपने २०१४ साली फळमाशीमुळे आपला आंबा बंद केला होता आणि अमेरिकेला तर विकिरण (किडीसाठी किरणांचा मारा) केल्याशिवाय फळ जातच नाही, हे छोट्या माणसाला झेपत नाही, त्यापेक्षा पल्प बरा.

सुक्या मालाचं सॅम्पल पोस्टानेही जातं, डाकघर निर्यात केंद्रातनं, कस्टमचा फॉर्म ऑनलाइन भरता येतो. पहिल्या ऑर्डरचे पैसे पूर्ण आधी घ्या, ओळखीचा असला तरी. पुढे उधारीवर माल द्यायची वेळ आली तर ईसीजीसीचा (निर्यातीच्या उधारीचा विमा देणाऱ्या सरकारी कंपनीचा) विमा काढा, गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तर तोच उपयोगी पडतो.

आणि बोलणी जानेवारीतच सुरू करा. एप्रिलमध्ये रातांबे (कोकमाची फळं) पिकायला लागले की हात दिवसभर रसात असतात, फोन घ्यायलाही फुरसत मिळत नाही.