जुन्या गिरणीचं स्केच करताय? या चुका टाळा

१८५४ मध्ये कावसजी दावरांनी मुंबईतली पहिली कापड गिरणी काढली आणि पुढच्या काही दशकांत परळ-लालबागचं आभाळ गिरण्यांच्या धुराच्या चिमण्यांनी भरून गेलं. त्यातल्या उरलेल्या चिमण्या काढायला मुलं पेन्सिल घेऊन येतात, याचा मला आनंदच आहे. पण सगळ्यात मोठी चूक बहुतेकांची एकच होते.

गोल चिमणीवरचे लोखंडी पट्टे. ते सरळ रेघेने काढू नका. नजरेच्या पातळीच्या वरचे पट्टे कमानीसारखे वर फुगतात आणि जितके उंच, तितके जास्त. एका कार्यशाळेत एकाने गिरणीचं फाटक रस्त्यावरून दिसतं तसं काढलं, पण चिमणीचे सगळे पट्टे खाली झुकवले. चिमणी जणू विमानातून पाहिलेली! सुधारू म्हटलं, तर पठ्ठ्याने सुरुवातच ६बी या मऊ, गडद पेन्सिलीने केलेली, वर बोटाने घासलेलं. बोटाच्या तेलाने ग्रॅफाइट कागदाच्या दाण्यांत बसलं होतं. खोडरबर फिरवला की करडा डाग आणखी पसरे. दिवसभराचं काम टाकून नवा कागद घ्यावा लागला.

मी आधी २एच या कडक, फिकट पेन्सिलीने नजरेची पातळी आणि चिमणीची मधली उभी रेघ आखतो. मग प्रत्येक पट्ट्याचा पूर्ण लंबगोल, न दिसणाऱ्या मागच्या बाजूसकट, काढतो आणि मागचा भाग नंतर पुसतो. सावलीच्या मऊ ४बीला त्याआधी हातही लावत नाही. सावलीची घाई असणाऱ्यांना हे रटाळ वाटतं. वाटू दे.

करवतदाती छपराचे दात दोन्हीकडून सारखे उतरते काढू नका. एक बाजू उताराची असते, दुसरी जवळजवळ उभी, काचेची. ही काच उत्तरेकडे असते, म्हणजे मागांवर थेट ऊन न येता दिवसभर सारखा उजेड पडतो. म्हणून उन्हाचा लख्ख पांढरा उतारावर ठेवा, काचेवर नको.

मोबाइलच्या फोटोवरून काढणं मला मुळीच पटत नाही. जवळून फोन वर करून घेतलेल्या फोटोत भिंतीही वर आत झुकतात; मग चिमणीचं खरं निमुळतेपण किती, ते कळणार कसं?

खिडक्या मोजा, अंदाजाने भरू नका.

प्रत्येक वीट काढू नका. ऊन आणि सावली जिथे भेटतात तिथे चार-सहा विटा पुरतात.