मोशन सेन्सर स्विच बसवताय? वायरीआधी जागा पाहा

रात्री बाथरूमला उठलेल्या वयस्कर माणसाला अंधारात भिंत चाचपडत बटण शोधावं लागू नये, एवढ्या एका कारणासाठीही घरात निदान एक मोशन सेन्सर स्विच असावा असं मला वाटतं. विजेची बचत होते ती वेगळीच. तरी हौसेने बसवलेला हा स्विच थोड्याच दिवसांत काढून टाकला जातो, असं बऱ्याचदा घडतं. तक्रार ठरलेली: "माणूस आत असतानाच दिवा जातो." बहुतेक वेळा स्विच चांगला असतो, त्याला दिलेली जागा चुकलेली असते. म्हणून वायरींकडे वळण्याआधी त्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही ते समजून घेऊ.

घरगुती स्विचमध्ये सहसा पीआयआर (पॅसिव्ह इन्फ्रारेड) सेन्सर असतो. तो स्वतः काहीही बाहेर सोडत नाही. आपल्या अंगातून सतत अवरक्त (इन्फ्रारेड) किरण निघत असतात, त्यांची तरंगलांबी साधारण 10 मायक्रोमीटरच्या आसपास असते. स्विचवरचं ते पांढरट, खाचांचं भिंग खोलीचे पंख्यासारखे पट्टे पाडतं. उबदार शरीर एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेलं की सेन्सरवर पडणारी उष्णता बदलते आणि दिवा लागतो. म्हणजे त्याला माणूस नव्हे, माणसाचं हलणं कळतं. पुस्तक वाचत स्थिर बसलेला माणूस त्याच्या लेखी खोलीत नसतोच. समोरून आडवं जाणारं कोणी चटकन टिपलं जातं, सरळ त्याच्याच दिशेने येणारं उशिरा. आणि काचेतून हे किरण जात नाहीत, त्यामुळे काचेच्या पार्टिशनमागे अंघोळ करणारा त्याला अजिबात दिसत नाही.

1. खोली आणि भिंत ठरवा

जिना, पॅसेज, स्टोअर रूम, कपडे धुण्याची जागा या त्याच्या हक्काच्या जागा, कारण तिथे माणूस थांबत नाही, हलत असतो. बेडरूममध्ये लावू नका. कुशीवर वळलात तरी दिवा लागेल. अभ्यासाच्या खोलीसाठी दिवा हाताने लावायचा आणि खोली रिकामी झाल्यावर आपोआप बंद होणारा प्रकार घ्या. झोपेचा आणि कामाचा प्रश्न असेल तिथे मला हाच प्रकार जास्त पटतो.

जुन्या बटणाच्या जागी उभे राहून खोलीकडे बघा. उघडं दार किंवा कपाट आड येतं का? समोर ऊन येणारी खिडकी, हीटर किंवा एसीचा झोत आहे का? गरम-थंड हवेने सेन्सर फसतो आणि रिकाम्या खोलीतही दिवा लावत राहतो. यांपैकी काही अडत असेल तर भिंतीवरचा स्विच सोडून छतावरचा सेन्सर निवडा.

2. खरेदीआधी बोर्ड उघडून पाहा

मेन स्विचपाशी जाऊन त्या सर्किटचा एमसीबी (वीज तोडणारा खटका) खाली करा आणि घरात सर्वांना सांगून ठेवा. टेस्टर आधी चालू प्लगवर लावून तो चालतो याची खात्री करा, मग बोर्डातली प्रत्येक वायर तपासा, आणि शेवटी पुन्हा चालू प्लगवर लावा. ही तिहेरी तपासणी वगळू नका. बिघडलेला टेस्टर जिवंत वायरही मेलेली दाखवतो.

आता बघायचं ते न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची वायर. साध्या बटणाला तो लागत नाही, त्यामुळे बऱ्याच बोर्डांत फक्त फेज (वीज आणणारी वायर) आणि दिव्याकडे जाणारी वायर असते. सेन्सर मात्र चोवीस तास जागा असतो, त्याला स्वतःसाठी थोडी वीज हवी. न्यूट्रल नसेल तर न्यूट्रलशिवाय चालणारा स्विच मिळतो, पण तो आपली वीज दिव्यातूनच ओढतो. त्यामुळे एलईडी बंद असतानाही मंद तेवतो किंवा लुकलुकतो. अशा वेळी दिव्याच्या होल्डरपाशी बायपास कपॅसिटर (ती थोडी वीज दिव्याला वळसा घालून नेणारा छोटा भाग) जोडावा लागतो. अर्थिंगची वायर न्यूट्रल म्हणून कधीच वापरू नका, त्यातून जिवावर बेतू शकतं. दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल उसना घेणंही धोक्याचं आहे, शिवाय त्याने आरसीसीबी (गळती झाल्यास वीज तोडणारा सुरक्षा स्विच) पडतो.

एकच दिवा दोन ठिकाणांहून लागत असेल तर टू-वेसाठी बनवलेलाच स्विच घ्या. पाकिटावर लोडचे, म्हणजे स्विच किती वॅटचे दिवे पेलतो याचे, दोन आकडे असतात: साध्या बल्बसाठी एक, एलईडीसाठी त्याहून बराच कमी. आपला आकडा दुसरा. एलईडी लागताना क्षणभर मोठा करंट ओढतात आणि त्याने रिलेचे (स्विचमधल्या विजेवर चालणाऱ्या खटक्याचे) संपर्क चिकटू शकतात. पंखा जोडायचा असेल तर मोटरचा लोड चालतो असं लिहिलेलं हवं.

3. जोडणी

एमसीबी पुन्हा खाली करून तीच तिहेरी तपासणी करा. जुनं बटण काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. वायरींच्या रंगांवर भरवसा ठेवू नका. फेज 'एल'ला, न्यूट्रल 'एन'ला, दिव्याची वायर 'लोड'ला, अर्थिंग त्याच्या जागी. स्क्रू आवळल्यावर प्रत्येक वायर हलकेच ओढून पाहा. कुठली वायर कशाची हे ओळखू येत नसेल तर तिथेच थांबा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा.

4. सेटिंग

एमसीबी वर केल्यावर स्विच साधारण मिनिटभर स्थिरावतो. तोवर दिवा आपल्या मनाने लागला-विझला तरी स्विच खराब समजू नका.

मग वेळ ठरवा. पॅसेजला एक-दोन मिनिटं पुरतात. बाथरूमला 15 मिनिटं द्या, काचेचं पार्टिशन असेल तर आणखी. ओल्या फरशीवर साबणाच्या हातांनी माणूस उभा असताना अचानक अंधार होणं म्हणजे पडायला निमंत्रण. तिथे विजेची काटकसर करू नये. उजेडाची मर्यादा, म्हणजे किती अंधार झाल्यावर दिवा लागावा हे, संध्याकाळीच लावा: ज्या अंधारात तुम्हाला दिवा हवासा वाटतो, त्या क्षणी तिचा नॉब हळूहळू फिरवत न्या आणि दिवा लागेल तिथे सोडा.

शेवटी नेहमीच्या वाटेने, नेहमीच्या चालीने खोलीत या. घरात हळू चालणारं कोणी असेल तर त्यांनाच चालून बघायला सांगा, आणि तेही रात्री. दोन पावलं आत येईपर्यंत दिवा लागला नाही तर संवेदनशीलता वाढवा. दारासमोरून जाणाऱ्यामुळे उगाच लागत असेल तर भिंगाची त्या बाजूची कड चिकटपट्टीने झाका. मांजर किंवा कुत्र्यामुळे लागत असेल तर खालची.