हिरड्यांतून रक्त येत असेल तर फ्लॉस असा करा

रक्त दिसलं की लोक त्या जागेला हात लावायचं सोडतात. तिथेच चुकतं. दात आणि हिरडीच्या सांध्यात जिवाणूंचा चिकट थर साचतो. त्यांना आवरायला शरीर पांढऱ्या पेशी पाठवतं, हिरडी सुजते, लाल आणि नाजूक होते, म्हणून ब्रश लागताच रक्त येतं. थर निघाल्याशिवाय सूज उतरत नाही. महागडा माउथवॉश त्यावरून नुसता वाहून जातो.

ब्रश मऊ, पेस्ट फ्लोराइडची, दोन वेळा दोन-दोन मिनिटं.

आता फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा खास दोरा. साधारण 45 सेंटिमीटर दोरा दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळा, मध्ये दोन-तीन सेंटिमीटर मोकळा ठेवा. फटीत सरळ दाबू नका. दोरा खटकन निसटतो आणि हिरडी कापतो. मागे-पुढे हलकेच सरकवत आत न्या. आत गेल्यावर नुसता वर-खाली करून बाहेर काढला, तर दाताच्या गोलाईवरचा थर जागीच राहतो. दोरा एका दाताला चंद्रकोरीसारखा वेढा आणि ताणलेला ठेवूनच हिरडीखाली अलगद सरकवा. निरोगी हिरडीची खाच 1 ते 3 मिलिमीटर खोल असते, तेव्हा अडला की थांबा. दाताला घासत चार-पाच वेळा फिरवा. शेजारच्या दाताकडे वळताना दोरा हिरडीपासून उचला, नाहीतर दोन दातांमधलं हिरडीचं त्रिकोणी टोक सोलवटतं. प्रत्येक फटीला दोऱ्याचा नवा भाग घ्या. शेवटच्या दाढेची मागची बाजूही विसरू नका.

फट मोठी असेल तर फ्लॉसपेक्षा फटींचा छोटा ब्रश बरा. तो किंचित घट्ट बसावा, पण तार रेटावी लागू नये.

सुरुवातीचे काही दिवस रक्त येईलच, तरी थांबू नका. 1965 साली डेन्मार्कमध्ये 12 जणांनी दात घासणं बंद करून पाहिलं: 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि सफाई पुन्हा सुरू केल्यावर पूर्ववत झाल्या. रोज नीट करूनही दोन आठवड्यांत रक्त कमी झालं नाही, तर बहुधा कीटण, म्हणजे दगडासारखा कडक झालेला थर, साचलंय. ते घरी निघत नाही, दंतवैद्याकडून स्केलिंग, म्हणजे ते खरवडून काढणं, करून घ्या. मधुमेह असेल तर दोन आठवडेही थांबू नका. धूम्रपान करणाऱ्यांत रक्त कमी दिसतं, त्यामुळे त्यांनी रक्त येत नाही म्हणून निश्चिंत राहू नये.

पू, ताप, गालाला सूज असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तर तडक रुग्णालयात जा. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊ नका. त्या दुखणं काही दिवस दबवतात, संसर्गाचं मूळ दातातच राहतं.