इंजिनाची औष्णिक कार्यक्षमता काढताना या चुका टाळा

औष्णिक कार्यक्षमता म्हणजे इंधनाच्या उष्णतेपैकी किती भाग कामात बदलला ते प्रमाण. ती काढलेल्या प्रयोगवह्या तपासताना मला दरवर्षी त्याच चुका आढळतात आणि त्यांतल्या बहुतेक घाईतून आलेल्या असतात.

सर्वांत जुनी चूक तापमानाची. कार्नोच्या सूत्रात (१ वजा थंड बाजूचे तापमान भागिले उष्ण बाजूचे तापमान) तापमान केल्विनमध्येच घ्यावे लागते. उष्ण बाजू ६०० अंश सेल्सिअस आणि थंड बाजू ३० अंश असताना हेच आकडे तसेच भरले, तर उत्तर ९५ टक्के येते. ८७३ आणि ३०३ केल्विन धरल्यास ते सुमारे ६५ टक्के येते. शिवाय ही ६५ टक्के म्हणजे त्या दोन तापमानांमधली कमाल मर्यादा आहे, समोरच्या इंजिनाची कार्यक्षमता नव्हे. सूत्र पाठ आहे म्हणून ते दिसेल त्या इंजिनाला लावणे मला मान्य नाही.

दुसरी चूक इंधन मोजण्याची, आणि ती कागदावर दिसत नाही. एकदा विद्यार्थ्यांच्या एका गटाने पाच अश्वशक्तीच्या एक सिलिंडरच्या डिझेल इंजिनाची कार्यक्षमता ४४ टक्के काढून आणली. ब्रेक पॉवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर प्रत्यक्ष मिळणारी शक्ती, ३.५ किलोवॉट होती, ब्युरेटमधले (खुणा केलेल्या काचेच्या नळीतले) १० घनसेंटिमीटर डिझेल संपायला ४४ सेकंद लागले होते, घनता घनसेंटिमीटरला ०.८३ ग्रॅम आणि उष्मांक, म्हणजे इंधन जळून मिळणारी उष्णता, किलोग्रॅमला ४२,५०० किलोज्यूल धरला होता. आकडेमोडीत कुठेही खोट नव्हती. तरीही एवढ्या लहान इंजिनाकडून ४४ टक्के मिळणे शक्य नाही, कारण जहाजांवरची मोठी, संथ गतीची डिझेल इंजिनेच ५० टक्क्यांच्या आसपास पोहोचतात. दोन तास वह्या चाळल्यावर मी इंजिनापाशी गेलो, तेव्हा दोष टाकीच्या कॉकमध्ये, म्हणजे मोजणीच्या वेळी टाकीचे डिझेल बंद करणाऱ्या तोटीत, सापडला. तो झिजलेला असल्यामुळे पुरता बंद होत नव्हता, त्यामुळे इंजिन थोडे डिझेल टाकीतूनही घेत होते आणि ब्युरेटमधली पातळी सावकाश उतरत होती. कॉक बदलल्यावर तेवढेच डिझेल ३० सेकंदांत संपले आणि कार्यक्षमता ३० टक्क्यांवर आली. तेव्हापासून मी चाचणीपूर्वी इंजिन आणि कॉक दोन्ही बंद ठेवून, अर्ध्या भरलेल्या ब्युरेटकडे पाच मिनिटे पाहतो. पातळी वर चढू लागली, तर टाकीतून डिझेल झिरपते आहे हे नक्की. ही पाच मिनिटे वाचवू पाहणाऱ्यांना मी पुढचे वाचन घेऊ देत नाही.

भार बदलल्याबरोबर वाचन घेऊ नये. इंजिन थंड करणाऱ्या पाण्याचे बाहेर पडतानाचे तापमान स्थिर होईपर्यंत थांबावे.

घनसेंटिमीटरला ग्रॅम समजू नये.

चार स्ट्रोक इंजिनाची इंडिकेटेड पॉवर (सिलिंडरच्या आत तयार होणारी शक्ती) काढताना फेऱ्यांची संख्या निम्मी घ्यावी, कारण शक्तीचा स्ट्रोक दोन फेऱ्यांत एकदाच येतो. ब्रेक पॉवरसाठी मात्र पूर्ण फेरे घ्यावेत.

उष्मांक उच्च (ज्वलनातल्या वाफेचे पाणी होताना सुटणारी उष्णता धरून) घेतला की निम्न (ती सोडून), हे उत्तराशेजारी लिहावे.

वाफेच्या चक्रात टर्बाइनच्या कार्यातून पंपाचे कार्य वजा करावे.

दोरीच्या ब्रेकवर (ड्रमभोवती दोरी गुंडाळून ब्रेक पॉवर मोजण्याच्या साधनावर) त्रिज्या मोजताना दोरीची जाडीही धरावी लागते. ३०० मिलिमीटर व्यासाच्या ड्रमवर १५ मिलिमीटरची दोरी असेल, तर परिणामी त्रिज्या १५० नसून १५७.५ मिलिमीटर होते आणि पॉवरमध्ये ५ टक्क्यांचा फरक पडतो. दोरी वापराने चपटी होत जाते, म्हणून तिची जाडी मी दर सत्राच्या सुरुवातीला व्हर्नियरने नव्याने मोजतो.