वाफसा आकड्यात कसा पकडायचा

इंदूरकडचे शेतकरी ज्याला ‘बतर’ म्हणतात, तोच आपला वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही पुरेशी असण्याची स्थिती. माती-परीक्षणाच्या कामाला नव्याने लागलेले बहुतेक जण ओलावा मोजून थांबतात. हवा वेगळी मोजावी लागत नाही, ती वजाबाकीतून निघते. पण ती काढल्याशिवाय वाफसा आलाय का, हे सांगता येत नाही.

5 सेंमी व्यासाचं, 5 सेंमी उंच कडं मातीत ठोकून नमुना घ्या, म्हणजे 98 घनसेंमी. समजा आतली ओली माती भरली 171 ग्रॅम आणि ओव्हनमध्ये 105 अंशांवर 24 तास ठेवल्यावर 127. गेलं ते 44 ग्रॅम पाणी, आकारमानाच्या 45 टक्के. कोरड्या मातीची घनता 1.30 (127 भागिले 98), नुसत्या कणांची 2.65 धरली तर पोकळी 51 टक्के. हवेला उरले 6. साधारण 10 च्या खाली सोयाबीनची मुळं गुदमरायला लागतात, कारण ऑक्सिजन पाण्यातून हवेच्या सुमारे दहा हजारपट सावकाश पसरतो.

खरी चूक कडं ठोकताना होते. चिकण काळी माती दबते, आणि दबते ती हवाच. वरच्या उदाहरणातल्याच मातीची घनता दबून 1.40 आली तर पोकळी 47 टक्के, पाणी 48: हवा चक्क उणे! कड्याला आतून तेलाचं बोट फिरवा; आतली पातळी बाहेरच्यापेक्षा खाली गेली तर नमुना टाकून द्या. शिवाय ही माती सुकताना आकसते, तेव्हा घनता किती ओलाव्याला काढली ते वहीत लिहाच.

नमुना पूर्ण भिजवायचा तर वरून पाणी ओतू नका, आत बुडबुडे कोंडतात. तळाला मलमल बांधून ट्रेमध्ये ठेवा. पाणी आधी कड्याच्या निम्म्यापर्यंत, दुसऱ्या दिवशी काठाच्या जरा खाली. पाणी उकळून गार केलेलं हवं.

टेन्शियोमीटरमध्येही (माती पाणी किती जोराने ओढून धरते ते मोजणारं यंत्र) तसंच पाणी भरा आणि त्याचा सच्छिद्र कप रात्रभर भिजवा. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे 6 किलोपास्कलने कमी आणि यंत्राची मर्यादाही तेवढीच अलीकडे. काटा 75 किलोपास्कलच्या आसपास जाऊन शून्याकडे घसरला, तर शेत भिजलेलं नसतं. कपात हवा शिरलेली असते. काटा नुसताच अडून बसला, तर कपाशेजारी भेग पडली का बघा. पडली असेल तर जागा बदला आणि नव्या भोकात त्याच मातीचा पातळ चिखल ओतून कप बसवा.